गोड्या पाण्यावर, वल्ह्याच्या होडीत

होडी पहिल्यांदा फुगवली ती आमच्या हॉलमध्ये. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाल्कनीत नेला आणि पायपंपानं वीस मिनिटं हवा भरत राहिले. साडेदहा फूट लांब, पावणेतीन फूट रुंद, जाड पीव्हीसी कापडाची हिरवी होडी. सगळा हॉल तिनं व्यापला. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हिला हळदकुंकू तरी लाव. पाण्यात जायची आहे." लावलं. त्याचा पिवळा डाग होडीच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, अजून पुसट दिसतो.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला पाणी नवीन नसतं. माझं लहानपण पाचपाखाडीत, कचराळी तलावाच्या आसपास गेलं. रविवारी बाबा सायकलवरून उपवनला न्यायचे. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गरीला कणकेची गोळी, एवढंच सामान. लागायची ती चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला आणि मग देशभरच्या तळ्यांतून पसरला. बाबांनी एकदा एका चिलापीचं तोंड उघडून दाखवलं होतं. आत मोहरीपेक्षा मोठी पिवळी अंडी होती. मादी अंडी तोंडात सांभाळते, तोवर धड खातही नाही. ती बाबांनी हळूच परत सोडली.

काठावर बसून गळ टाकणाऱ्याचं एक दुःख कायमचं असतं. मोठे मासे नेहमी दोरी पोचणार नाही त्याच्या थोडं पलीकडे उडतात. पाण्यावर मोठी फदफद झाली की बाबा तिकडे बोट करत म्हणायचे, "तिथं जायला होडी पाहिजे." तलावपाळीला पायांनी चालवायच्या होड्या होत्या, पण त्या फिरायच्या. हातात वल्हं, मांडीवर गळ आणि जिथं मासा उडाला तिथं आवाज न करता जाऊन थांबायचं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून राहिलं. प्रत्यक्षात यायला माझी चव्वेचाळिशी उजाडली.

होडी घेण्याआधी बरीच चौकशी केली. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळाच्या शौकिनांची जुनी संस्था आहे आणि ठाण्यातले कितीतरी जुने लोक तिथे गळ टाकायला जात आले आहेत. पण पवई तलावात मगरी आहेत. पाण्यापासून वीतभर उंच बसायच्या होडीतून मी तिथं उतरणार नव्हते. शिवाय ठिकाण कुठलंही असो, मासेमारीचे हक्क कोणाकडे आहेत हे आधी विचारावं लागतं. राज्यातल्या तलावांचे आणि जलाशयांचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. ते लोक स्वतःच्या पैशानं मत्स्यबीज आणून सोडतात, बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढवतात. आपण शहरातून महागडा रॉड घेऊन जायचं आणि कोणाला न विचारता त्यांचा मासा उचलायचा, ही चोरीच झाली. हे मी इतकं ठासून लिहिते, कारण हौशी मंडळींत याबद्दल फार बेफिकिरी पाहिली.

खरेदीत एक चूक झाली. एका दुकानात मी "होडीतून मासे धरायचे आहेत" एवढंच म्हटलं आणि त्यांनी समुद्राच्या खडकावरून टाकायचा बारा फुटी जाड रॉड आणि भलंमोठं रीळ गळ्यात मारलं. छोट्या होडीत बसलेल्या माणसाला तो निरुपयोगी. मासा होडीखालून पलीकडे गेला तर रॉडचं टोक नाकाडावरून फिरवून पलीकडे नेता आलं पाहिजे, आणि मासा जवळ आल्यावर एका हातात रॉड धरून दुसऱ्या हातानं जाळीचा झेला त्याच्याखाली घालता आला पाहिजे. बारा फुटी काठीनं मासा कायम हातापासून लांबच राहतो. शेवटी साडेसहा फुटी, मधून वाकणारा हलका रॉड घेतला. मोठा रॉड माळ्यावर आहे.

मग पोहण्याचा तलाव. आमच्या सोसायटीत आहे. तिथल्या जीवरक्षकाला विनंती केली आणि पाच रविवार सकाळी सहाला, कोणी यायच्या आत, होडी त्यात सोडली. वल्हं मारण्याआधी शिकले ते पडणं आणि पडल्यावर चढणं. ही होडी काठाला धरून सरळ वर चढायला गेलं की अंगावर उलटते. तिच्या मध्यावर हात टाकायचे, पाय मागे पाण्यावर आडवे आणून जोरात मारायचे, पोट होडीवर सरकवायचं, मग कुशीवर वळून बसायचं. लाइफ जॅकेट घालूनच हे करायचं, कारण खरं पडताना ते अंगावर असणारच आहे. पहिल्या दिवशी तीन प्रयत्नांत दम संपला. पाचव्या रविवारी कपड्यांसकट, कमरेला सामानाची पिशवी बांधून, दहा वेळा पडले आणि दहा वेळा चढले. जीवरक्षक काठावरून मोजत होता. त्यानंतरच नदीचं नाव काढलं.

वल्हं शिकवलं ते नाखव्यांनी. माझ्या नवऱ्याच्या मित्राचे हे वडील, चेंदणी कोळीवाड्यातले. पंचाहत्तरी ओलांडलेली. सगळी उमेद ठाण्याच्या खाडीत गेली आणि खाडी गाळानं आणि सांडपाण्यानं भरत गेली तशी त्यांची होडी वर आली ती कायमची. मी दुपाती वल्हं घेऊन गेले. त्यांनी ते हातात तोललं, बाजूला ठेवलं आणि माळ्यावरून स्वतःचं लाकडी वल्हं काढायला लावलं. ओट्यावर पाट मांडून मला बसवलं. "मार," म्हणाले. हवेतच मारायचं. मी मारलं.

"हातानं नको मारू, बाय. हात दमतात. पाठीनं मार."

म्हणजे काय ते पुढचे दोन तास कळत गेलं. खांदे वळवायचे, कमरेपासून वळायचं, हात फक्त वल्ह्याला धरून ठेवायला. पातं पाण्यात पुरं बुडल्यावरच जोर लावायचा, आधी लावला तर पाणी नुसतं उडतं. आणि पातं बाहेर काढताना कड आधी काढायची, म्हणजे 'छप' होत नाही. खाडीत रात्री बोयटांवर जाळं टाकताना छप झालं की सगळा थवा उडून जायचा, असं ते सांगत होते. मासा छपला घाबरतो हे गोड्या पाण्यातही खरं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेषा. पाण्यातली बारीकशी थरथर तिच्यातून त्याला समजते. मोटारच्या होडीनं मासे पांगतात ते यामुळे, आणि वल्ह्याच्या होडीचं सगळं सुख इथूनच सुरू होतं.

नाखवीण आतून ऐकत होत्या. चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगो, पण गोड्या पान्याची मासली? ती पचपचीत लागतं." हे ठाण्यात सगळीकडेच ऐकायला मिळतं. पापलेट, बोंबील, मांदेली खाणारी जीभ रोहूकडे वळत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

नदी निवडली भातसा, वासिंदच्या बाजूची. उल्हास जवळ होती, पण उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णी इतकी दाटते की वल्हं रुतून बसतं. भातसेचं वेगळं आहे. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून सोडलेलं पाणी या नदीच्याच पात्रातून खाली येतं, पिसे बंधाऱ्याशी अडतं आणि तिथून उपसून मुंबईला आणि ठाण्याला जातं. म्हणून आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत झाले तरी मेमध्येही या पट्ट्यात पाणी असतं. मी ज्या नळाखाली तांदूळ धुते त्यातलं पाणी या नदीचं आहे. ते कळल्यावर मला दुसरी नदी नकोच झाली. होडीतून काही पाण्यात पडू द्यायचं नाही, अगदी दोऱ्याचा तुकडासुद्धा, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

याच पाण्यात दर वर्षी माणसं बुडतात, हेही सांगायला हवं. वरून संथ दिसतं, पण खाली खडकांमध्ये खोल कोंडी आहेत, आणि धरणातून कमीजास्त पाणी सुटलं की पातळी बदलते. सहलीला येणारी पोरं हे न जाणता उड्या मारतात.

जायचं कसं, तर लोकलनं. घडी केलेली होडी, वल्हं आणि सामान मिळून अठरा किलो. पहाटेच्या कसारा गाडीच्या मालडब्यात पाटीवाल्या मावश्यांच्या शेजारी ती पिशवी ठेवते. पहिल्या दिवशी "यात काय गं बाई?" असं एकीनं विचारलं. होडी आहे म्हटल्यावर डब्यात जागा झाली. आता त्यांतल्या दोघी माझ्यासाठी कोपरा धरून ठेवतात. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद. पुढे रिक्षा आणि शेवटी पाऊण किलोमीटर डोक्यावर ओझं.

नदीवर पहिल्यांदा गेले तेव्हा होडी नेलीच नव्हती. नुसती माणसं भेटायला गेले. एक कातकरी दादा ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर फळी बांधून त्यावर बसतात, दोन हातांत दोन लाकडी फळकुटं घेऊन वल्हवतात आणि जाळं लावतात. माझ्या होडीपेक्षा त्यांची ती ट्यूब कितीतरी अवघड आहे, आणि ते तिच्यावर उकिडवे बसून जाळं सोडवतात. पाड्यावरच्या लोकांशी बोलणं झालं. दादांच्या जाळ्यांपासून लांब राहायचं, खायला एखाददुसरा मासा ठेवायचा, बाकी सोडायचे, आणि जून ते सप्टेंबर यायचं नाही, असं ठरलं. पावसाळ्याचं मीच म्हटलं. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्या-नाल्यांतून वर चढतात, त्याला आमच्या ठाणे जिल्ह्यात वलगण म्हणतात. वलगणीचे मासे खाण्याची इथं मोठी आवड आहे. दादांच्या घरी त्या दिवसांत वर्षाचं सुख येतं, त्यांना मी काय सांगणार? पण मला तो मासा धरायचा हक्क नाही असं मला वाटतं.

नोव्हेंबरच्या एका रविवारी उतरले. सातला पाणी काचेसारखं होतं. आठला चार चिलाप्या. मला वाटलं जमलं. साडेदहाला पश्चिमेकडून वारा सुटला आणि होडी पानासारखी वाहायला लागली. गळ टाकायचा तर वल्हं सोडावं लागतं, वल्हं सोडलं की होडी फिरते, तरंगा एकीकडे आणि मी दुसरीकडे. दोरी वल्ह्याला गुंडाळली गेली. ती सोडवेपर्यंत मी काठाच्या करंजात शिरले होते. परत यायला वाऱ्याविरुद्ध पाऊण तास वल्हवलं आणि संध्याकाळी घरी चमचा उचलताना हात थरथरत होता.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. रात्री जमीन निवते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून आत. त्या दोहोंच्या मधली जी निवांत वेळ असते, उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, ती वल्ह्याच्या होडीची वेळ. आता दहा वाजता मी काठावर असते, मासे कितीही लागत असोत.

थांबायचं कसं, हे दादांनी शिकवलं. मी छोटा लोखंडी नांगर विकत आणला होता, तो खडकाच्या फटीत अडकून गेला. दादांनी कमरेशी बारीक झालेला एक लांबट गोटा शोधून दिला आणि त्याला काथ्या बांधला. होडीच्या कडीला मात्र सुरगाठ. "निरगाठ मारू नका, ताई. पाणी वाढलं तर एका झटक्यात सुटली पाहिजे. दगड गेला तर जाऊ दे." काठावर पाण्याच्या रेषेला एक काटकीही ते रोवून ठेवतात. काटकी बुडाली की पाणी वाढलं, निघायचं. मीही रोवते.

मग हळूहळू नदी समजायला लागली. काठावरून मला फक्त पाण्याचं वरचं अंग दिसत होतं. होडीत बसल्यावर खालचं कळतं. वल्ह्याचं पातं मध्येच थंड पाण्यात जातं, तिथं खाली डोह असतो. दगड टाकताना दोरी किती गेली यावरून खोली मोजते. इतक्या खाली बसलं की पाण्याचा वासही बदलताना समजतो. पाणकावळा बुडी मारून कुठं वर येतो, कवड्या धीवर हवेत एकाच जागी फडफडत कुठं थांबतो, यावरून लहान मासळी कुठे आहे ते कळतं आणि लहान मासळीच्या खालीच मोठी असते.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच पाण्यात तीन मजल्यांवर राहतात, हेही तेव्हा कळलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाटतो. तरंग्याखाली दोरी किती सोडली यावर कोण येणार ते ठरतं. हे तिघे मूळचे आपल्या कोकणातले नाहीत, गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावं लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी या मत्स्यशास्त्रज्ञांनी माशाला पियूष ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यातच अंडी घालायला लावली आणि मग देशभर बीज पोचू लागलं. भातसेच्या डोहात माझ्या गरीला रोहू लागतो तो त्या कामामुळे.

जानेवारीत एक उंबर सापडला. नदी वळते तिथे उभी दरड आहे, काठानं तिथं कोणाला उतरता येत नाही. वर मोठा उंबर पाण्यावर ओणवा झालेला. पिकलेली फळं टपटप पडतात आणि प्रत्येक 'टप'नंतर दोन-तीन श्वासांत खालून एक गोल उठतो. मी वीस हातांवर वल्हं मारणं थांबवलं आणि होडी आपल्या आपण सरकू दिली. वल्हं मांडीवर आडवं, ओला टॉवेल खाली, म्हणजे लाकडावर काही आपटून आवाज नको. दगड सोडताना दोर तळहातातून इंच इंच. मग पाच मिनिटं काहीच नाही केलं. फळं पडत होती. गोल परत उठायला लागले तेव्हा कळलं, की आता त्यांनी मला ओंडका मानलं आहे. इतकी वर्षं जिथं दोरी पोचत नव्हती, तिथं मी बसले होते.

गरीला आमिष म्हणून कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि त्यात तिथलंच एक पिकलं उंबर कुस्करून मळलेलं. गरीचा उलटा काटा मी पकडीनं दाबून सपाट करते, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. पहिल्या फेकीला काही नाही. दुसऱ्या फेकीला तरंगा हलला, आडवा झाला, परत उभा राहिला आणि मग तिरका खाली निघून गेला.

रॉड उचलला आणि रीळ घर्रर्र करून फिरायला लागलं. ड्रॅग, म्हणजे रीळाची अटक, सैल ठेवला होता हे नशीब. मासा डोहाकडे निघाला. दोर ताणला गेला, दगड तळावरून उचलला गेला आणि होडीचं नाकाड वळलं. मी ओढत नव्हते. मासा मला ओढत होता. सत्तर किलोची मी आणि माझी होडी, त्या एका माशामागून शांतपणे डोहाच्या मध्याकडे चाललो होतो. काठावर उभं राहून मासा ओढताना पाय जमिनीत रोवलेले असतात, जमीन तुमच्या बाजूनं असते. होडीत तुम्हाला कोणाचाच आधार नाही. त्याचं वळणं माझ्या बैठकीत कळत होतं. तो खाली गेला की नाकाड दबायचं, थांबला की होडीही थांबायची. अंगठ्याखाली दोरीची थरथर आणि मांड्यांखाली पाण्याची. असं मी दुसरं काहीच अनुभवलेलं नाही. भीतीही होती, आनंदही होता, आणि मी मोठ्यानं काहीतरी बोलत होते, बहुतेक बाबांशी.

बारा-पंधरा मिनिटांनी तो बाजूला आला. रोहू. तांबूस खवले, प्रत्येकाच्या कडेला जणू पेन्सिलची रेघ. झेल्यात घेतला, वजनकाट्याला लावला, अडीच किलोच्या वर. तो दिवस खायला ठेवायचा होता म्हणून ठेवला. डोक्यावर एकच नेमका फटका मारायचा, तडफडत ठेवायचं नाही, हेही दादांनीच दाखवलेलं.

सगळ्या दिवशी मासा लागतोच असं नाही, आणि लागू शकतो तेव्हाही प्रत्येक वेळी गळ टाकायचा नसतो. मार्चमध्ये काठाच्या गवताजवळ पाण्यावर शेंदरी ठिपक्यांचा एक पुंजका दिसला, परातीएवढा. पुंजका हलत होता, वर येत होता, खाली जात होता. मरळीची पिल्लं. मरळ हवेतून श्वास घेते, पिल्लंही थोड्या थोड्या वेळानं वर येतात. खाली आई-बाप दोघंही राखण करत असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. म्हणून त्या वेळी मरळ धरणं फार सोपं. रबरी बेडूक पुंजक्यावरून ओढला की खालून धडक बसणारच. माझ्याकडे बेडूक होता, दोरीला बांधलेला होता. मी तो सोडवून पेटीत ठेवला. दादा पलीकडून बघत होते. काही बोलले नाहीत, पण त्या बाजूला लावायचं जाळं त्यांनी त्या दिवशी खालच्या अंगाला लावलं.

आता नाखविणीच्या 'पचपचीत'बद्दल. गोड्या पाण्यातल्या माशाला जो चिखलट वास येतो त्याच्या मागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, पाण्यातले काही जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसात मातीतून जो वास दरवळतो, त्यातही हेच द्रव्य असतं. आंबटात ते मोडतं. म्हणून रोहूच्या तुकड्या मीठ-हळद लावून चिंचेच्या घट्ट कोळात अर्धा तास ठेवायच्या, धुवायच्या, मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावून कालवण करायचं, त्यातही चिंच हात सैल सोडून. पोटातली काळी त्वचा खरवडून काढायची. त्या रविवारी सासूबाईंनी दोनदा भात घेतला. एक डबा चेंदणीला पोचवला. डबा दुसऱ्या दिवशी परत आला तो धुतलेला आणि रिकामा नव्हे, त्यात सुक्या जवळ्याची चटणी. नाखविणीकडून याहून स्पष्ट निरोप येत नाही.

आणि एप्रिलमध्ये नाखवे स्वतः आले. "ती तुजी फुग्याची होडी बगू दे," म्हणाले. त्यांच्या मुलानं गाडीनं आणलं. सहा वाजता आम्ही काठावर होतो. मी होडी फुगवेपर्यंत ते उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. खाडीवर पोचल्यावर भरती किती आत आली हे ते असंच बघायचे, असं मुलगा म्हणाला. नाखवे दोन क्षण गप्प राहिले.

"गोडं हाय," म्हणाले.

लाइफ जॅकेट घालायला तयार नव्हते, मी हट्ट धरला तेव्हा घातलं. होडीत पाय टाकला तो बरोबर मध्यावर, होडी हललीसुद्धा नाही. दुपातं वल्हं त्यांनी मधोमध सोडवून दोन केलं, एक अर्धं माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या अर्ध्यानं, एकाच बाजूनं, कड आधी बाहेर काढत निघाले. छप नाही, काही नाही. उंबराकडे वळणाऱ्या पाण्यावर त्यांची पाठ पुढे-मागे होताना दिसत होती. त्यांच्या चपला माझ्या पायाशी होत्या. मी काठावर काटकी रोवली आणि बसले.